घोंगडं भिजत ठेवा, बचावपटू आपोआप म्हातारा होतो

अभिनंदन! तुम्ही एनएचएलमधल्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधल्या, एका संघाचे जनरल मॅनेजर झालात आणि वारशात मिळाला छत्तिशीचा बचावपटू. गुडघे कुरकुरतात, पण दुकानात जर्सी त्याचीच खपते. विकायचा का?

घाई नको. आधी त्याचा करार न वाचता कपाटात ठेवा. नो-मूव्ह क्लॉज असला तर त्याच्या होकाराशिवाय ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, होत नाही, ही बातमी सौदा पक्का झाल्यावर कळण्यातच मजा. मॉन्ट्रियलने ही मजा घालवली. त्यांचा बचावपटू पी. के. सुब्बान याचा क्लॉज १ जुलै २०१६ला लागू होणार होता, म्हणून २९ जूनलाच त्याला नॅशव्हिलला धाडून तिशीतला शे वेबर आणला. कॅलेंडर बघून कामं करतात, काय म्हणावं! वेबरचा करार मात्र २०२६पर्यंतचा. २०२१च्या अंतिम मालिकेनंतर तो पुन्हा बर्फावर उतरला नाही, तरी करार आधी व्हेगासला गेला, मग ॲरिझोनाला. खेळाडू घरी, करार प्रवासात.

आता त्याचा खेळ जोखा. गुण, म्हणजे गोल आणि गोलला केलेली मदत, तेवढे मोजा. त्यातले किती पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा गडी शिक्षा म्हणून बाहेर असताना, आले, हे विचारणं असभ्यपणाचं. वयाबरोबर बचावपटूचा पहिला बळी जातो तो मागे सरकता सरकता वळण्याचा वेग. मग तो धास्तीने आधीच मागे सरतो, समोरच्याशी अंतर वाढतं आणि प्रतिस्पर्धी आपल्या हद्दीची ब्लू लाइन ओलांडून आरामात आत येतात. हुशार प्रशिक्षक त्याला समोरच्याच्या गोलजवळच्या फेसऑफला, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना, उतरवतो आणि जोडीला तरणाताठा धावता साथीदार देतो. तो साथीदार याच्याशिवाय कसा खेळतो, ते चुकूनही तपासू नका. उत्तर मिळण्याची भीती असते.

भाव ठरवताना तो उजवा असेल तर तोंड फाडून मागा, उजव्या हाताच्या बचावपटूंचा तुटवडा कायमचा. गिऱ्हाईक म्हणेल, ‘पगार जड आहे.’ नियमाप्रमाणे निम्म्यापर्यंत पगार तुम्हीच भरू शकता, फक्त असे करार एका वेळी तीनच ठेवता येतात. सॅन होजेकडे ३३ वर्षांचा एरिक कार्लसन होता, नुकतेच १०१ गुण आणि सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळवलेला. तरी २०२३मध्ये पिट्सबर्गला देताना त्याच्या १.१५ कोटी डॉलरपैकी १५ लाख दरवर्षी स्वतःच्या डोक्यावर घ्यावे लागले, तेही चार हंगाम. ऐन बहरातल्या मालाची ही गत, तर तुम्ही उतरती कळा लागेपर्यंत थांबलेलं बरं.

थांबायचं किती? मार्चमधल्या ट्रेडच्या शेवटच्या मुदतीच्या दुपारपर्यंत. तोवर त्याला रोज २४ मिनिटं खेळवा, पेनल्टी किलमध्ये, म्हणजे आपला गडी शिक्षेवर बाहेर असताना, पक (हॉकीची रबरी चकती) अंगावर झेलू द्या. घोटा मोडला की निर्णय आपसूक होतो.

आणि चुकून वेळेवर विकलाच, तर बोस्टन आठवा. त्यांचा बचावपटू रे बोर्क याला त्याच्या २१व्या हंगामात, मार्च २०००मध्ये, त्याच्याच इच्छेवरून कोलोरॅडोला पाठवलं. बदल्यात ब्रायन रोल्स्टन, आणखी दोन तरुण खेळाडू आणि नवोदितांच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड मिळाली. ९ जून २००१ला बोर्कने कोलोरॅडोकडून स्टॅन्ली कप, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचा चषक, उचलला आणि काही दिवसांनी तो घेऊन बोस्टनच्या सिटी हॉलसमोर आला. दुसऱ्याच संघाच्या विजयासाठी हजारो बोस्टनकर टाळ्या वाजवत उभे. तेव्हा ट्रेडच्या कागदांसोबत आपल्या गावच्या चौकाची परवानगीही आत्ताच काढून ठेवा. नंतर पोलिसांकडे गर्दी होते.