बिल भागलं म्हणजे भरपाई झाली असं नाही

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला आधी सोसायटीच्या ग्रुपवर आणि मग दोन नातेवाइकांकडून आला. त्यात म्हटलं होतं, सायकलवाल्याला गाडीने उडवलं तर हॉस्पिटलचं बिल आणि वर तीसेक हजार मिळाले की सही करून मोकळं व्हा. सायकलला विमा नसतो, म्हणून कोर्टात काही मिळत नाही. हेल्मेट नसेल तर दावाच बसत नाही. मेडिक्लेम घेतला असेल तर पुन्हा पैसे मागता येत नाहीत. आणि केस केली तर दहा वर्षं जातात.

माझा धाकटा भाऊ सुतार आहे. भांडुपहून विक्रोळीला सायकलनेच कामावर जायचा. दोन वर्षांपूर्वी एलबीएस रोडवर टेम्पोने त्याला मागून धडक दिली. उजवं मनगट मोडलं, प्लेट बसवावी लागली. चौथ्या दिवशी टेम्पोचा मालक फळांची पिशवी आणि स्टॅम्प पेपर घेऊन वॉर्डात हजर. बिलाचे १,८०,००० आणि वर ३०,०००. आई म्हणाली, "घे रे, निदान उसने तरी फिटतील." आम्ही सही करणारच होतो. म्हणून हा मेसेज वाचून मला गप्प बसवत नाही.

विम्याचं आधी. सायकलच्या विम्याचा इथे काही संबंधच नाही. धडक देणाऱ्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि भरपाई त्यातून येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, मग तो सायकलवर असो की पायी. पोलीस ठाण्यात "एनसी (नुसती अदखलपात्र नोंद) घ्या, आपसात मिटवा" असं कोणी म्हटलं तरी एफआयआर आणि पंचनाम्याचा आग्रह सोडू नका. तो कागद नसला की विमा कंपनीचा पहिला आक्षेप तिथेच येतो.

हेल्मेटची सक्ती मोटारसायकलवाल्यांना आहे, सायकलवाल्यांना नाही. आणि मोडलंय मनगट, तर हेल्मेटने काय वाचलं असतं? तुम्ही उलट्या दिशेने येत होतात, अशी चूक सिद्ध झाली तरी तुमच्या दोषाच्या प्रमाणात रक्कम कमी होते, दावा बुडत नाही. मेडिक्लेमचा प्रश्न तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये निकाली काढला: हप्ते भरून मिळवलेली मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येत नाही.

आता मेसेजमधला सगळ्यात घातक भाग, म्हणजे बिल अधिक थोडे पैसे. बिल हा झालेला खर्च झाला. नुकसान त्यानंतर सुरू होतं. भावाचं हाड जुळलं, पण मनगट पूर्ण वळत नाही. रंधा मारताना हात अर्ध्यावर अडतो, मग तो कोपरापासून जोर लावतो आणि फळीवर लाट उमटते. गिऱ्हाईक ती लाट बघतं. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व १५ टक्के आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात स्पष्ट केलंय की दाखल्यावरचा आकडा तसाच उचलायचा नाही, त्या माणसाच्या त्या कामातली कमाई किती घटली ते पाहायचं. क्लार्कचं मनगट आणि सुताराचं मनगट एका मापाने मोजता येत नाही.

आकडे मांडून बघा. महिना कमाई २०,०००, वय ३४, स्वतःचा धंदा. चाळिशीच्या आतल्यांना पुढच्या वाढीसाठी ४० टक्के धरतात, म्हणजे २८,०००. वर्षाचे ३,३६,०००. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणतात तो आकडा, १६. कमाई ४० टक्के घटली असं मानलं गेलं तर २१,५०,४०० होतात. दाखल्यातले १५ टक्केच धरले तरी ८,०६,४००. यात बिल, वेदनांची भरपाई, बुडालेल्या महिन्यांची कमाई, प्लेट काढायचं ऑपरेशन, टॅक्सीभाडं, घरच्यांनी केलेली शुश्रूषा काहीच धरलेलं नाही. आणि आमच्यापुढे ठेवले होते वरचे ३०,०००!

वेळ लागतो, हे मात्र खरं आहे. आमचाही दावा अजून चालू आहे. खरचटलं, टाके पडले, महिन्यात माणूस पूर्ववत झाला, तर झटपट तडजोड मीही करीन. पण हाड मोडलं असेल तर दावा दाखल करणं आणि तडजोड करणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. दावा लवकर टाका, कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. भरपाईवर व्याजही साधारणपणे दाव्याच्या तारखेपासून धरतात. तडजोड मात्र उपचार संपून हात किती सुधारणार हे डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. लोकअदालतीत काम लवकर होतं, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. नंतर प्लेट दुखायला लागली म्हणून पुन्हा दार ठोठावता येत नाही.

भावाची प्लेट येत्या दिवाळीनंतर काढायची आहे. त्या ऑपरेशनच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घेतला आणि परवाच वकिलांकडे दिला.