चावी वर्कशॉपने घेतली, तर गाडीची जबाबदारीही वर्कशॉपचीच

सर्व्हिसिंगला दिलेली गाडी वर्कशॉपमधून चोरीला गेली की डीलरकडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इन्शुरन्स आहे ना?" आमच्या बाबतीतही तेच झालं. माझं म्हणणं सरळ आहे. इन्शुरन्स असो वा नसो, ज्याने चावी ताब्यात घेतली त्याने गाडी परत द्यायची. ही जबाबदारी विमा कंपनीवर, पोलिसांवर, वॉचमनवर किंवा ग्राहकाच्या नशिबावर ढकलायचा त्याला काहीही अधिकार नाही, आणि आपणही ती ढकलू देता कामा नये.

गाडी माझ्या मोठ्या बहिणीची. ताई फिजिओथेरपिस्ट आहे. पुण्यात पेशंटच्या घरी जाऊन ती उपचार करते. पॅरालिसिस झालेली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, घराबाहेर पडू न शकणारी माणसं. तिची हॅचबॅक ही चैन नव्हे, तिच्या कामाचं साधन आहे. गाडीचं लोन अजून चालू आहे. अधिकृत डीलरकडे सर्व्हिसिंगला दिली, संध्याकाळी फोन आला, "मॅडम, काम झालंय, फक्त वॉशिंग राहिलंय, उद्या सकाळी घेऊन जा." सकाळी ताई गेली तर तिला नुसतं बसवून ठेवलं. गाडी मागे आहे, आणतोय. मुलगा ट्रायलला घेऊन गेलाय. मग चहा. बऱ्याच वेळाने फ्लोअर सुपरवायझर आला आणि म्हणाला, "मॅडम, गाडी दिसत नाहीये."

ती दिसत नव्हती, कारण रात्री ती वर्कशॉपच्या आत नव्हतीच. काम झालेल्या, धुवायच्या राहिलेल्या गाड्या रात्रभर बाहेर सार्वजनिक रस्त्यावर ओळीने लावून ठेवतात. पुण्यात कुठल्याही मोठ्या वर्कशॉपसमोरून रात्री जाऊन बघा, जॉब कार्डचा, म्हणजे गाडी ताब्यात घेताना वर्कशॉप बनवतं त्या कागदाचा, नंबर काचेवर लिहिलेल्या गाड्या फुटपाथला लागून उभ्या असतात. आत जेवढ्या मावतात त्याच्या कितीतरी जास्त गाड्यांचं बुकिंग घेतलेलं असतं. आणि सकाळी मुलांना गाड्या पटापट पुढेमागे करता याव्यात म्हणून चाव्या गाडीतच ठेवतात. कधी इग्निशनला, कधी सन व्हायझरच्या मागे.

समोरच्या हार्डवेअरच्या दुकानदारकाकांनी आम्हाला त्यांच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवलं. ते मी अनेकदा पाहिलंय. एक माणूस चालत येतो, पहिल्या गाडीचं दार ओढून बघतो, ते उघडत नाही. दुसरी गाडी ताईची. दार उघडतं. तो बसतो, गाडी चालू होते. दिवे लावायला जातो तर चुकून वायपर फिरतो, कोरड्या काचेवर एकदाच. म्हणजे या गाडीत कुठलं बटण कुठे आहे हेही त्याला माहीत नव्हतं. मग गाडी आरामात वळवून निघून जातो. काच फोडलेली नाही, वायर तोडलेली नाही, काही यंत्र लावलेलं नाही. ज्या इमोबिलायझरची, म्हणजे योग्य चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची, कंपनी जाहिरात करते, तो योग्य चावी मिळाली की निमूट बाजूला होतो, आणि चावी वर्कशॉपने गाडीतच ठेवली होती.

डीलरच्या स्वतःच्या कॅमेऱ्याबद्दल विचारलं तर आधी "सिस्टीमवाला येईल तेव्हा" आणि नंतर "जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं." ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन फुटेज जपून ठेवायला सांगा आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी मागणीची नोंद कुणीच ठेवत नाही.

पोलीस ठाण्यात जायची वेळ आली तेव्हा मॅनेजर म्हणाले, "फिर्याद तुम्हीच द्या, गाडी तुमच्या नावावर आहे." ऐकायला बरोबर वाटतं. पण अशा फिर्यादीत "माझी गाडी अमुक रस्त्यावर उभी असताना चोरीला गेली" एवढंच लिहिलं गेलं, तर गाडी कोणाच्या ताब्यात होती हा मुद्दाच कागदावरून गायब होतो. आम्ही अडून बसलो. गाडी सर्व्हिसिंगसाठी कधी दिली, जॉब कार्ड नंबर काय, चावी कोणाकडे सोपवली, रात्री ती कोणी कुठे लावली, हे सगळं फिर्यादीत आलं. ठाण्यातल्या हवालदारांनी ते शांतपणे लिहून घेतलं, त्यांचे मी जाहीर आभार मानतो. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. ती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

मग सुरू झालं चाव्यांचं प्रकरण. चोरीचा क्लेम लावला की विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. ताईकडे एकच होती. दुसरी गाडीबरोबर गेली. कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर घरी आला आणि ताईला असे प्रश्न विचारले की जणू तिनेच गाडी विकून टाकली आहे. आम्ही डीलरकडे गेलो. मागणी एवढीच, की लेटरहेडवर दोन ओळी लिहून द्या: चावी आमच्या ताब्यात होती आणि गाडी आमच्याकडून चोरीला गेली. मॅनेजर म्हणाले, "असं लिहून देता येत नाही, लीगल परवानगी देणार नाही." जॉब कार्डवर त्यांच्याच सर्व्हिस ॲडव्हायझरची सही आहे, चावी घेतल्याची खूण आहे. तरीही दोन ओळी मिळेनात.

याच ठिकाणी ग्राहक दोन्ही बाजूंनी चेपला जातो. वाहन विम्याच्या पॉलिसीत एक अट असते, की मालकाने गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी काळजी घेतली पाहिजे. चावी गाडीत होती असं उघड झालं की विमा कंपनी या अटीवर बोट ठेवते. म्हणजे निष्काळजीपणा डीलरचा आणि क्लेम अडतो ताईचा. डीलर म्हणतो विमा कंपनीकडे जा, विमा कंपनी म्हणते काळजी घेतली नाही. दोघांच्या मध्ये लोनचा हप्ता मात्र दर महिन्याला न चुकता कापला जातो.

शिवाय चोरीच्या क्लेमसाठी पोलिसांचा शेवटचा अहवाल लागतो. गुन्हा खरा आहे पण तपास लागला नाही, अशा वेळी महाराष्ट्रात ज्याला "अ समरी" म्हणतात तो अहवाल न्यायालयात जातो आणि मंजूर व्हावा लागतो. यात महिनोन्महिने जातात. तेवढा काळ ताई ओला, रिक्षा आणि पीएमपीच्या भरवशावर पेशंटकडे जात होती. लांबचे पेशंट तिला सोडावे लागले. क्लेम पूर्ण मंजूर झाला तरी मिळते ती आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा केलेली किंमत. गाडी दोन वर्षांची होऊन तिसऱ्या वर्षात गेली की तो घसारा 30 टक्क्यांवर जातो. तोपर्यंत शोरूममधली त्याच मॉडेलची किंमत वाढलेली असते. हा मधला खड्डा ताईने का भरायचा?

आता कायद्याबद्दल, कारण डीलर लोक आपल्या अज्ञानावर विसंबून असतात. सोनाराकडे दुरुस्तीला दिलेला दागिना आणि वर्कशॉपला दिलेली गाडी, दोन्हींना एकच तत्त्व लागू होतं. भारतीय करार अधिनियम 1872 मधलं कलम 151 सांगतं, की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी तिची घेतली पाहिजे. कलम 152 त्याला मोकळीकही देतं, पण तेवढी काळजी घेतली असेल तरच. आता मला सांगा, त्या डीलरचे मालक स्वतःची गाडी रात्रभर, चावी आत ठेवून, रस्त्यावर लावतील का?

जॉब कार्डच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, "चोरी, आग, अपघात यांची जबाबदारी मालकाची." यावर सर्वोच्च न्यायालयाने 14 नोव्हेंबर 2019 रोजी स्पष्ट निकाल दिला आहे. दिल्लीतल्या ताजमहाल हॉटेलमध्ये 1998 साली एका पाहुण्याने मारुती झेन व्हॅलेकडे, म्हणजे पाहुण्यांच्या गाड्या पार्क करणाऱ्या हॉटेलच्या माणसाकडे, दिली आणि ती चोरीला गेली. विमा कंपनीने मालकाला 2 लाख 80 हजार रुपये दिले आणि मग मालकासह हॉटेलविरुद्ध ग्राहक आयोगात गेली. हॉटेलने पार्किंगच्या पावतीवरची तीच ओळ पुढे केली: गाडी मालकाच्या जबाबदारीवर. न्यायालयाने सांगितलं, गाडी एकदा ताब्यात घेतली की ती परत देण्याची जबाबदारी तुमची. काळजी घेतली होती हे तुम्हीच सिद्ध करायचं, आणि स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटायला ती छापील ओळ चालणार नाही. खटला हॉटेलचा होता, पण चावी घेऊन गाडी सांभाळणाऱ्या वर्कशॉपला तो कसा लागू होत नाही हे एखाद्या डीलरच्या वकिलाने मला समजावून सांगावं.

त्याच निकालातली दुसरी गोष्टही ध्यानात घ्या. विमा कंपनीने पैसे दिले म्हणजे हॉटेल सुटलं नाही. आपल्याकडे मात्र क्लेम मिळाला की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि डीलरचं नावही घेत नाहीत. मला हे चुकीचं वाटतं. प्रवासाचा खर्च, गेलेलं काम, आयडीव्ही आणि नव्या गाडीच्या किमतीतला फरक, मनस्ताप, यातलं काहीच क्लेममध्ये येत नाही. ते डीलरकडूनच मागायला हवं. आपण मागत नाही, म्हणूनच आत जागा नसताना जास्तीच्या गाड्या घेणं त्यांना परवडतं.

आणि डीलरला स्वतःचा विमा काढायला कोणी अडवलेलं नाही. मोटार ट्रेडच्या, म्हणजे डीलर-गॅरेजवाल्यांसाठीच्या, विम्यात "इंटर्नल रिस्क" हा प्रकारच आवारातल्या गाड्यांसाठी आहे. आवारातल्या, हा शब्द महत्त्वाचा. गाडी बाहेर रस्त्यावर लावली की तीही सोय हातची जाते.

या सगळ्यात पहिली नोकरी गेली ती वॉचमनची. कंत्राटी सिक्युरिटी एजन्सीचा, साठीच्या आसपासचा माणूस. त्याची नेमणूक गेटच्या आत होती. बाहेरच्या गाड्यांची यादीसुद्धा त्याच्याकडे दिलेली नव्हती. त्याला घरी पाठवून डीलरने "कारवाई केली" असं आम्हाला सांगितलं. या अन्यायाचीही मला चीड आहे. गाड्या बाहेर लावायचा, चाव्या आत ठेवायचा निर्णय वॉचमनचा नव्हता, गाड्या हलवणाऱ्या पोराचाही नव्हता.

कार बनवणाऱ्या कंपनीच्या कस्टमर केअरला लिहिलं. उत्तर आलं, की डीलरशिप हा स्वतंत्र व्यवसाय आहे, आपण थेट त्यांच्याशी संपर्क साधावा. पण शोरूमवर बोर्ड कंपनीचा, जॉब कार्डवर लोगो कंपनीचा, आणि "वॉरंटी हवी तर अधिकृत ठिकाणीच सर्व्हिसिंग करा" असा आग्रहही कंपनीचाच. मग चोरी झाली की डीलर एकदम परका कसा होतो? त्याच आठवड्यात ताईला फोन आला, "मॅडम, सर्व्हिसचा अनुभव कसा होता, पाचपैकी किती गुण द्याल?" ती पेशंटकडे होती. तिने फोन बंद केला आणि संध्याकाळी घरी येऊन रडली. आमच्या घरात ताईला रडताना फार कोणी पाहिलेलं नाही.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात डीलर, उत्पादक कंपनी आणि विमा कंपनी अशा तिघांविरुद्ध तक्रार दाखल केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, डीलरच्या शहरात खेपा घालाव्या लागत नाहीत. वस्तू किंवा सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. घटनेपासून 2 वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. वकील सक्तीचा नाही, पण विमा कंपनी समोर असेल तर घ्यावा असं माझं मत आहे. सुरुवातीला 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, कधीकधी तेवढ्यानेही डीलर हलतो. आमचा हलला नाही.

गाडी सर्व्हिसिंगला देणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. रात्री गाडी राहणार असेल तर ती आत राहील का, चावी कुठे ठेवणार, हे ॲडव्हायझरला विचारा आणि त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. गाडी दिल्याचा फोटो, किलोमीटरचं रीडिंग आणि जॉब कार्डची दोन्ही बाजूंची प्रत मोबाइलमध्ये ठेवा. ज्यांची गाडी अशीच वर्कशॉपमधून गेली आहे त्यांनी मला मेसेज करा. आमच्या तक्रारीचा मसुदा नावं काढून पाठवतो, फुटेज मागण्याच्या अर्जाचा नमुनाही त्यात आहे.