चिमणी तेवढी ठेवा

लोकर धुण्याचा जुना कारखाना तुमच्या ताब्यात आलाय? अभिनंदन! आता तो कसा जपायचा, ते ऐका.

आधी वास घालवा. कच्च्या लोकरीला मेंढीचा घाम, माती आणि चरबी चिकटलेली असते. ही चरबी वर्षानुवर्षं मुरून निवडखोलीची लाकडी जमीन काळपट, तुळतुळीत झालेली असते. हात फिरवला तर मेणावर फिरवल्यासारखा वाटतो. हे असलं पाहुण्यांना कशाला? वरून टाइल्स बसवा आणि भिंतीवर लिहा, ‘इथे इतिहास बोलतो’.

मग हौद. एकापुढे एक, रांगेत. सुरुवातीच्या हौदांत गरम पाणी, साबण, सोडा. शेवटच्यात नुसतं पाणी. प्रत्येक हौदानंतर पिळायचे रूळ. आत लोखंडी काटे लोकर पुढे सरकवायचे, तेही अगदी हळू, कारण गरम पाण्यात घुसळली की लोकर आटते आणि धागे एकमेकांत गुंतून तिचा घट्ट नमदा होतो. अख्खी रांग जागेवर राहिली तर बघणाऱ्याला हे न सांगता कळेल. मग तुमच्या सल्लागाराने माहितीफलक कशाचे लिहायचे? एकच हौद ठेवा, त्यात शोभेची झाडं लावा. बाकीचं भंगारात, किलोवर.

छपराच्या करवती दात्यांतून येणारा एकसारखा उजेड लोकरीची प्रत पारखायला लागायचा. तिथे काळी फिल्म लावा, खाली एलईडी. चिमणी मात्र पाडू नका; लोगो कशाचा करणार?

कुणीतरी ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकॉलचं नाव काढेलच. १९०८ चा वाफेवरचा कारखाना, भूगर्भातलं मुळातच गरम पाणी, १९७८ साली बंद. तरी यंत्रं जागच्या जागी. ‘आपली परिस्थिती वेगळी आहे’ म्हणा. कुठलाही विषय मिटवायला एवढं वाक्य पुरतं.

इंग्लंडमधल्या सॉल्टेअरचं नाव मात्र तुम्हीच घ्या. १८५३ ची गिरणी, आज तिथे दुकानं आणि चित्रदालन. सादरीकरणात फोटो झकास दिसतो. २००१ साली जागतिक वारसा यादीत नुसती गिरणी नाही, कामगारांच्या घरांसकट अख्खं गाव गेलं, हे बोलू नका. तुमच्याकडची कामगारवस्ती पार्किंगसाठी लागणार आहे.

उद्घाटनाला एखादा जुना कामगार बोलवा. झाडांकडे बघत तो विचारेल, “बाकीचे हौद कुठं गेले?” लगेच फोटो काढा आणि भेटवस्तूंच्या दुकानातला मफलर त्याच्या गळ्यात घाला. ॲक्रिलिकचा आहे, पण धुवायला सोपा.