गोकाकच्या नामवंतांची यादी

बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाक गावावरचा तुमचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. गोकाकच्या नामवंतांत तुम्ही ज्ञानपीठवाले कन्नड लेखक वि. कृ. गोकाक घातलेत. आडनाव गोकाक असलं तरी त्यांचा जन्म 1909 चा, सावनूरचा. उद्योगपती किर्लोस्करही गोकाकचे नव्हेत बरं. लक्ष्मणराव जन्मले गुर्लहोसूरला, सौंदत्तीकडे, मलप्रभेकाठी. गोकाकची घटप्रभा, म्हणजे नदीसुद्धा वेगळी! सायकलचं दुकान त्यांनी काढलं ते आमच्या बेळगावात.

आणि जवळचा माणूस मात्र सुटला. डॉ. ना. सु. हर्डीकर. 1923 साली काँग्रेसचं सेवादल उभं करणारे. घटप्रभा गावचं आरोग्यधाम, म्हणजे तिथलं रुग्णालय, उभारण्यात डॉ. कोकटनूरांबरोबर त्यांचाही हात होता. गोकाकपासून किती लांब आहे ते? यादीत पहिलं नाव त्यांचं हवं होतं.

आता गोकाकच्या सूत मिलबद्दल. 1885 ची मिल, 1887 पासून धबधब्याच्या पाण्याची शक्ती, हे तुम्ही दोन ओळींत उरकलंत. माझे आजोबा तिथं कताईला होते. पाळी संपवून घरी आले की मिशीवरनं, भुवयांवरनं कापूस निघायचा, आजी आधी पंच्यानं झाडायची, मग चहा. पावसाळ्यात धबधब्याजवळच्या झुलत्या पुलावरनं जाताना तुषारांनी सदरा ओला, आणि कताईच्या खात्यात शिरल्यावर उकाडा. पगाराच्या दिवशी करदंटाचा, म्हणजे गोकाकच्या डिंक-सुकामेव्याच्या मिठाईचा, पुडा ठरलेला. अशा माणसांना ‘रहिवासी’ म्हणून यादीत जागा नाही, हे काही मला पटलं नाही. पुढच्या भागात निदान जुन्या चाळींचे फोटो तरी टाका.