साहेब, बॉल हलला

गोल्फवर लिहिलं की ‘श्रीमंतांचा खेळ’ ही कमेंट येणारच. ती आज खोडायला बसलेलो नाही. आज कॅडीबद्दल, म्हणजे खेळाडूची बॅग उचलून सोबत चालणाऱ्या माणसाबद्दल लिहायचंय.

मी चाळिशीत खेळायला लागलो, पुण्यात, रविवारी पहाटे. माझी बॅग उचलणारे काका माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे आहेत. पहिल्याच वर्षी एकदा बॉल झाडाखाली रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात गेला. शेजारचं वाळकं पान मी उचललं आणि बॉल अर्धा इंच सरकला. बाकीचे तिघे पार पलीकडे होते. मी मारायला उभा राहिलो, तेवढ्यात मागून हळूच आवाज आला, “साहेब, बॉल हलला.”

नियम साधा आहे. बॉल होता तिथे परत ठेवायचा आणि स्वतःला एक स्ट्रोक, म्हणजे एक जादा फटका, दंड लावायचा. दोन्ही केलं. रोजच्या गोल्फमध्ये सोबत अंपायर नसतो, आपले स्ट्रोक आपणच मोजायचे. २०१० साली अमेरिकेत हिल्टन हेडला व्यावसायिक गोल्फर ब्रायन डेव्हिस जिम फ्युरिकविरुद्ध प्लेऑफ, म्हणजे बरोबरीनंतरचा निर्णायक खेळ खेळत होता. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे फटक्याआधी मागे नेताना, आपली स्टिक एका सुट्या काडीला लागली असावी, असं वाटून त्याने स्वतःच अधिकाऱ्याला बोलावलं. रिप्लेमध्ये ती काडी जेमतेम हलताना दिसली. दोन स्ट्रोकचा दंड बसला आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेतलं पहिलं विजेतेपद हातचं गेलं. मला हा खेळ आवडतो तो यासाठी.

आणि म्हणूनच आपल्याकडे शिष्टाचार म्हणून जे जपलं जातं त्याचा राग येतो. कॉलर नसलेला टी-शर्ट घालून आलात तर दारातच अडवतील. पण ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, बॉल पडून झालेला खड्डा तसाच ठेवून पुढे गेलात, बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पायांचे ठसे सोडलेत, तर कुणी हटकत नाही. कारण मागून कॅडी येतोय, तो करेल! नियमावलीत कपड्यांबद्दल अवाक्षर नाही. प्रामाणिकपणे खेळा, दुसऱ्याचा विचार करा, मैदानाची काळजी घ्या, हे मात्र स्पष्ट लिहिलंय.

त्याच नियमावलीत कॅडीचं स्थान काय आहे, हे किती जणांनी वाचलंय? एकेरी स्पर्धेत ‘कोणती स्टिक घेऊ’ असं तुम्ही प्रतिस्पर्ध्याला विचारलंत तर दंड. विचारायचं फक्त आपल्या कॅडीला. कॅडीच्या हातून नियम मोडला तर दंड खेळाडूला. म्हणजे नियमांच्या लेखी ती दोघं एकच बाजू आहेत. अठरा होल्स एकत्र चालायचं, त्याच्या डोळ्यांनी ग्रीनचा उतार वाचायचा, आणि राउंड संपला की एकाने क्लबहाउसमध्ये बसायचं, दुसऱ्याने पार्किंगच्या कडेला उकिडवं. हे मला पटत नाही. कधीच पटलं नाही.

मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या मैदानालगतच्या वस्तीत कॅडी आणि त्यांची पोरं गल्लीतच गोल्फ खेळतात. सळई वाकवून स्टिक केलेली, बॉल प्लास्टिकचा. कॅडीचं काम करून वर आलेल्या अली शेरने १९९१ साली इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकली, १९९३ साली पुन्हा. गोल्फर एस.एस.पी. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबला मैदानाची निगा राखायचे. त्यानेही २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं तीच स्पर्धा जिंकली. या माणसांना खेळ कळत नाही असं कुणी म्हणू नये.

आता सामानाबद्दल. दरवर्षी नवा ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची स्टिक, येतो, पन्नास-साठ हजारांचा, आणि आम्ही हौशी मंडळी तो घेतो. बॉल तरीही झाडीतच जातो, कारण गडबड स्विंगमध्ये असते. बॅगेत जास्तीत जास्त १४ स्टिक चालतात, ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आली. त्याआधी काही जण वीस-पंचवीस घेऊन हिंडत, आणि ते ओझं कॅडीच्याच खांद्यावर. कमीत कमी किती हव्यात, याला मात्र नियम नाही. अमेरिकन गोल्फर चिक इव्हान्सने १९१६ची यूएस ओपन सात स्टिकवर जिंकली होती. मग आपल्यासारख्याला, ज्याची थ्री आयर्न ही स्टिक वर्षातून दोनदा बाहेर निघते, चौदा कशाला? साठीच्या माणसाच्या खांद्यावर बॅग देताना एवढा विचार व्हायलाच हवा.

क्लबच्या कमिटीला मी तीन गोष्टी लेखी दिल्यात. कॅडींना बसायला पंखा आणि पाण्याची सोय असलेली शेड. राउंडच्या दरात दरवर्षी वाढ. आणि सोमवारी मैदान बंद असतं तेव्हा त्यांना खेळायची मुभा. दोन महिने झाले, उत्तर आलेलं नाही. पुढच्या सभेत उभा राहून पुन्हा मांडणार आहे. इथले जे सभासद वाचताय, त्यांनी त्या दिवशी या आणि हात वर करा.

काकांना मागच्या रविवारी विचारलं, सोमवारी खेळायला दिलं तर कुठून सुरुवात कराल? म्हणाले, “सातव्या होलपासून. तिथं तुम्ही कायम चुकीची स्टिक घेता.”