हवा काढा आणि पुढे चला

फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक घेतलेला माणूस डांबरी रस्त्यावर फार दिवस सुखाने राहू शकत नाही. मुलांना शाळेत सोडायला आणि आठवड्याचा किराणा आणायला एवढं मोठं धूड लागत नाही हे त्याच्या बायकोला माहीत असतं आणि त्यालाही माहीत असतं. म्हणून मग अधूनमधून त्या धुडाची गरज सिद्ध करावी लागते. आमच्या टेक्सासच्या मित्रमंडळात असे सहा गरजू आहेत. माझ्याकडे साधी सेडान. त्यामुळे या सगळ्या प्रकरणात मी मागच्या सीटवर, एका बाजूला बर्फाची पेटी आणि दुसऱ्या बाजूला तंबूचे खांब अशा अवस्थेत, निष्पक्ष साक्षीदार म्हणून हजर होतो.

ठिकाण ठरलं पाद्रे आयलंड. कॉर्पस क्रिस्टीपासून दक्षिणेकडे गेलेला वाळूचा लांबच लांब पट्टा. एका अंगाला मेक्सिकोचं आखात, दुसऱ्या अंगाला लगूना माद्रे ही खाडी, जिचं पाणी समुद्राहूनही खारट. १९६२ साली केनेडींनी सही करून या बेटाचा मोठा भाग राष्ट्रीय किनारा म्हणून राखून ठेवला, आणि तेव्हापासून तिथे कुणालाही उठून टपरी टाकता येत नाही. डांबर संपलं की पुढे मॅन्सफील्ड चॅनेल या कालव्यापर्यंत साठ मैल नुसता किनारा, आणि तोच रस्ता. पहिले पाच मैल साधी गाडीही जाते. त्यापुढे फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह. ही पाटी दिसल्यावर आमच्या सहाही ड्रायव्हरांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते त्यांच्या लग्नाच्या फोटोंतही नाही.

तयारीबद्दल फार बोलत नाही. एक एक्सेल शीट होती, तिला रंग दिलेले होते, आणि ती भरूनही सहा ट्रकांत मिळून अकरा टॉर्च निघाले, पण डबे उघडायचा ओपनर एकही नाही. विषय संपला.

किनारा हा टेक्सासात सार्वजनिक रस्ता मानला जातो. म्हणजे नंबरप्लेट हवी, विमा हवा, सीटबेल्ट हवा, वेगाची मर्यादा पाळायला हवी. समोर क्षितिजापर्यंत चिटपाखरू नाही, डावीकडे अख्खा समुद्र मोकळा पडलाय, आणि आपण पट्टा आवळून जास्तीत जास्त ताशी २५ मैलांनी चाललोय. निसर्गाच्या कुशीत शिरण्याचा हा सरकारमान्य वेग. खरं सांगायचं तर त्याहून जोरात जाण्याची कुणाची छातीही नव्हती.

पण त्याआधी हवा काढायची होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रस्त्यावर टायरमध्ये ३५च्या आसपास पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा असते. तेवढ्या हवेचा टणक टायर मऊ वाळूत सुरीसारखा आत जातो. हवा २०, १८, वेळ पडली तर १५पर्यंत उतरवली की टायर बसका होतो, जमिनीवर लांब पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि ती वाळूत न रुतता वरून चालते. चार ओळींची गोष्ट. पण तिच्यावर चोवीस टायरांभोवती बारा माणसं पाऊण तास वाद घालत होती. आमचे कॅप्टन (हे पद त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं आहे) १८ म्हणत होते. डॉक्टर २०वर अडून बसले, कारण रक्तदाबाप्रमाणेच हाही एकदम उतरवू नये असं त्यांचं मत. कुणीतरी वाऱ्याचा हिशेब काढला. प्रत्येक जण उकिडवा बसून व्हॉल्व्हच्या तोंडात खिळा दाबत होता, मध्येच थांबून गेज लावत होता, आणि ‘सव्वीस! अजून सव्वीस!’ असे आकडे वाऱ्यावर सोडत होता.

सगळ्यात नवा आणि सगळ्यात महाग ट्रक होता मॅन्युअलकाकांचा. त्यांनी हवा काढायला साफ नकार दिला.

“कंपनीने ३५ लिहिलंय,” काका म्हणाले. “कंपनीला कळत नाही का?”

“काका, कंपनीने रस्त्यासाठी लिहिलंय.”

“अहो, पान काढा जरा,” काकांनी गाडीतल्या वहिनींना हाक मारली. वहिनींनी ग्लोव्ह बॉक्समधून ते जाडजूड पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि टायरच्या दाबाचं पान खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. त्यात वाळूचा उल्लेख नव्हता. काका जिंकले.

पाच मैलांच्या पाटीपुढे थोड्याच अंतरावर काका रुतले.

रुतलेल्या गाडीचं एक शास्त्र आहे. चाक फिरायला लागलं की थांबायचं. पण माणूस थांबत नाही, ॲक्सिलरेटर दाबतो. चाक स्वतःसाठी खड्डा खणतं, गाडी पोटावर बसते, आणि मग बाकीचे पाच ट्रक थांबून त्यांतून सल्लागार उतरतात. एकाने ‘रिव्हर्स’ म्हटलं, दुसऱ्याने ‘डावीकडे वळवा’, कॅप्टननी प्लास्टिकचे नारिंगी रिकव्हरी बोर्ड काढून त्यांचं वेष्टन फाडलं. बोर्ड चाकाखाली गेले आणि चाकाने ते मागे भिरकावले. डॉक्टर थोडक्यात वाचले. फावडी आली. दर फावड्यामागे जेवढी वाळू निघायची तेवढीच बाजूने आत घरंगळायची. वहिनी सावलीसाठी ट्रकच्या आडोशाला उभ्या राहून मॅन्युअलची अनुक्रमणिका चाळत होत्या.

तेवढ्यात दक्षिणेकडून एक जुनाट ट्रक आला. दारं गंजलेली, छतावर मासेमारीच्या गळांचं जंगल. आतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. आमचे बोर्ड, पट्टे, फावडी, वॉकीटॉकी हे सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं. कुणालाही काहीही न विचारता ते काकांच्या पुढच्या चाकाशी बसले, खिशातली किल्ली काढली आणि हवा सोडली. मग पुढचंच दुसरं चाक. मग मागची दोन. काका ‘एक्स्क्यूज मी’ म्हणेपर्यंत चारही टायर १५वर आले होते. म्हाताऱ्याने मानेनेच बसायला सांगितलं. काका बसले, हळूच गिअर टाकला, आणि तो ट्रक खड्ड्यातून असा बाहेर आला की आमची सगळ्यांची तासाभराची मेहनत कुणाला सांगायची सोय राहिली नाही.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. बर्फ आहे का, एवढं विचारलं. डांबरापासून जितकं दूर जावं तितकं बर्फाला मोल चढतं; अर्धी पिशवी दिली तर त्या माणसाचे डोळे भरून आले.

तंबू टाकायची जागा निवडणं हा पुढचा भाग. वाळूच्या टेकड्यांवर जायचं नाही, गाडी तर अजिबात चढवायची नाही, कारण त्यांवरच्या गवताच्या मुळांनीच हे बेट धरून ठेवलंय. म्हणजे टेकडी आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत काय ते बसवायचं. आखाताला भरती-ओहोटी फारशी नसते, फूट-दीड फूट, असं कॅप्टननी आश्वासन दिलं. आश्वासन खरं होतं. पण आग्नेयेचा वारा दिवसभर पाणी किनाऱ्याकडे रेटत राहिला की ते पाणी कुठलं वेळापत्रक पाहत नाही, हे आम्हाला रात्री दीड वाजता कळलं. डॉक्टरांच्या चपला निघून गेल्या तेव्हा.

वाऱ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून, ती पिशवी हातभर खोल पुरावी लागते, तर तंबू जागेवर राहतो. झोपायच्या तंबूंचं आम्ही असं केलं. शौचालयाच्या तंबूचं करायचं राहिलं. तो उंच, अरुंद, निळ्या कापडाचा तंबू, आत बादली. पहाटे एक झोत आला. तंबू गेला. डॉक्टर राहिले.

त्यानंतर बराच वेळ सगळे समुद्राकडे तोंड करून उभे होते आणि सूर्योदय किती सुंदर आहे याबद्दल बोलत होते. सूर्योदयाला अजून अर्धा तास होता.

दिवसभर वहिनी कचरा गोळा करत राहिल्या. आखातातले दोन प्रवाह या किनाऱ्यापाशी येऊन भेटतात, त्यामुळे जहाजांवरून, तेलविहिरींवरून, कुठल्याकुठल्या बंदरांतून पाण्यात पडलेलं सगळं इथे येऊन लागतं. एक हेल्मेट मिळालं, डाव्या हाताचे रबरी मोजे मिळाले, स्पॅनिश अक्षरांची साबणाची बाटली मिळाली आणि एक अखंड ट्यूबलाइट मिळाली. घरी ट्यूब बदलताना काका दरवेळी एक फोडतात. ही समुद्र ओलांडून धडधाकट आली होती. वहिनींनी ती काकांना दाखवली, बोलल्या काही नाहीत.

कॅप्टनच्या मुलीने शाळेत शिकलेलं सांगितलं. १५५४ साली व्हेराक्रूझहून स्पेनला निघालेली चार जहाजं वादळात सापडली, त्यांतली तीन याच किनाऱ्यावर फुटली. वाचलेले लोक दक्षिणेकडे मेक्सिकोच्या वाटेने चालत निघाले आणि त्यांतले फार थोडे पोहोचले. सगळे गंभीर झाले. “त्यांच्याकडे रिकव्हरी बोर्ड नव्हते ना,” कॅप्टन म्हणाले.

वारा टिपेला पोहोचला होता, जेवणात निम्मी वाळू होती, आणि परत फिरावं असा ठराव मांडला जाणार एवढ्यात कासव आलं. केम्प्स रिडली. समुद्री कासवांत आकाराने सगळ्यात लहान आणि सगळ्यात दुर्मीळ. बाकीची कासवं बहुतेक रात्री अंडी घालतात, ही भर दिवसा, आणि त्यातही वारा सुटला असेल तेव्हा. म्हणजे आमचं वाटोळं करणारा वारा हा तिचा मुहूर्त होता. नियम असा की दूर राहायचं, वाट अडवायची नाही, आणि गस्तीवाल्यांना कळवायचं. फोनला रेंज नसल्याने दोघे गस्तीची गाडी शोधायला गेले. बाकीचे लांब, एका रांगेत, वाळूवर बसून राहिले.

तिने मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणला. एक वल्हं आत जायचं, वाकायचं, ओंजळभर वाळू उचलून बाजूला ठेवायचं, मग दुसरं. कडा ढासळत नव्हती. अंडी घालून झाल्यावर तिने वाळू लोटली आणि अख्खं अंग या कुशीवरून त्या कुशीवर आपटत ती चोपून घट्ट केली. धप, धप, धप, एवढ्या लांबून ऐकू येत होतं. मग वळली आणि मऊ वाळूतून, कुठेही न अडकता, सरळ पाण्यात गेली.

“वजन किती असेल?” काकांनी दबक्या आवाजात विचारलं.

“चाळीस-पंचेचाळीस किलो,” डॉक्टर म्हणाले.

काका विचारात पडले. गस्तीवाल्या बाई आल्या, अंडी अलगद काढून उबवणीच्या जागी न्यायला निघाल्या, तरी काका त्या दोन वल्ह्यांच्या खुणांकडे बघत होते.

मॅन्सफील्ड चॅनेलपर्यंत आम्ही गेलो नाही. मऊ वाळूत पेट्रोल दुपटीने जातं आणि साठ मैल जाऊन साठ मैल यायचं तर वाटेत पंप नाही, हे कारण पुढे केलं गेलं. चपला नसलेल्या डॉक्टरांचं मत जास्त वजनदार ठरलं, हे खरं.

डांबरावर परतल्यावर उलटा सोहळा. आता हवा भरायची. सहा ट्रकांना एक कॉम्प्रेसर, तोही कॅप्टनचा. तिसऱ्या ट्रकला तो तापला आणि आपोआप बंद पडला. निवेपर्यंत रांग थांबली. पुन्हा सुरू झाला तेव्हा पाळी काकांची होती. काका दार अडवून उभे राहिले.

“मला नको. १५ उत्तम आहे. गाडी काय मऊ चालते!”

“काका, हायवेवर टायर तापून फुटेल.”

“तुम्हाला काय कळतं? तो म्हातारा वेडा होता का?”

कॅप्टन नळी धरून उभे, डॉक्टर अनवाणी, मागे दोन ट्रक हॉर्न वाजवतायत. वहिनी शांतपणे गाडीतून उतरल्या, चष्मा लावला आणि ग्लोव्ह बॉक्स उघडला.

“थांबा हं,” त्या म्हणाल्या, “पान मला पाठ आहे.”