तिमाही भेट झाली म्हणजे देखरेख झाली?

'बालगृहांची दर तीन महिन्यांनी तपासणी होते, त्यामुळे देखरेखीची अडचण नाही' हे विधान अर्धंच खरं आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ५४ मध्ये किमान तिघांचं पथक, त्यात एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी, आठवड्यात अहवाल, असं सगळं आहे. पण ते मुलांपुरतं. मतिमंद मुलांच्या गृहातून वयाच्या १८ नंतर अनेकांना जायला घरच नसतं. त्या प्रौढांसाठी दिव्यांग हक्क कायदा २०१६ संस्थेची नोंदणी सक्तीची करतो, तिमाही भेटीचं असं बंधन मात्र त्यात नाही.

शिवाय भेटीत बघायचं काय? शहापूरजवळच्या कवडास येथील मतिमंद मुलांच्या आश्रमातील कुपोषणाचं प्रकरण २०१० मध्ये उच्च न्यायालयात गेलं, पुढच्याच वर्षी कळंबोलीतील अशाच गृहातलं लैंगिक अत्याचार प्रकरण बाहेर आलं. रंगवलेल्या भिंती आणि हजेरीपट पाहून यातलं काहीच कळत नाही. प्रत्येकाचं वजन तिथेच काट्यावर करून मागच्या नोंदीशी ताडावं. फिटच्या गोळ्यांचा हिशेब करावा: रोज दोन म्हणजे महिन्याला ६०, पावती ३० चीच असेल तर उरलेले दिवस ती व्यक्ती औषधाविना होती, आणि ही औषधं अचानक थांबली तर झटके जिवावर बेततात. भेट न कळवता, रात्रपाळी सुरू झाल्यावर द्यावी. मुलींच्या खोलीजवळ कोण झोपतं ते तेव्हाच दिसतं. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याशी चित्रांच्या मदतीने, कर्मचाऱ्यांना बाहेर पाठवून, विशेष शिक्षकानेच संवाद साधायला हवा. पथकात असा शिक्षक असण्याची अट आजही नाही.